पंचरत्नांचे गाणे, पुन्हा एकदा कान देऊन

झी मराठीवर २००८ मध्ये सुरू झालेले आणि फेब्रुवारी २००९ मधल्या महाअंतिम फेरीने संपलेले 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' या लहान मुलांच्या गायनस्पर्धेचे पर्व त्या काळी घराघरांत पाहिले गेले. मीही ते तेव्हा सगळ्यांसारखेच पाहिले होते, म्हणजे मुलांचे कौतुक करत आणि गुणांची वाट पाहत. गेली अनेक वर्षे लहान मुलांना गाणे शिकवत असल्यामुळे या वेळी मात्र त्याचे जमतील तेवढे भाग वेगळ्या रीतीने ऐकले. हार्मोनियम शेजारी ठेवली, पडद्याकडे पाठ केली, आणि प्रत्येक गाण्याची पट्टी, म्हणजे ते कोणत्या सुराला 'सा' धरून गायले आहे ते, काढून गळा कुठे मोकळा आहे आणि कुठे आवळला जातो आहे, एवढेच टिपून ठेवले. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही महाअंतिम फेरीतली पाच मुले, म्हणजेच 'पंचरत्ने', या कसोटीवर कशी उतरतात, याविषयी हे लिहीत आहे.

सर्वांत आधी साथीविषयी लिहिले पाहिजे, कारण मुलांच्या गाण्यात अर्धा धीर साथीदारांचा असतो. कमलेश भडकमकर यांचे संगीत संयोजन, सत्यजित प्रभू यांचा सिंथेसायझर, अमर ओक यांची बासरी, आर्चिस लेले यांचा तबला आणि निलेश परब यांची ढोलकी-ढोलक, असा हा ताफा होता. मूळ गाणे मोठ्या पुरुषाच्या आवाजात काळी एक किंवा पांढरी दोन अशा हार्मोनियमच्या खालच्या पट्टीत बांधलेले असेल, तर ते दहा-बारा वर्षांच्या मुलीसाठी काळी चार किंवा काळी पाचपर्यंत न्यावे लागते. हा बदल अर्ध्या सुराने जरी चुकला, तरी खाली मुखड्यातला मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, सूर विरून जातो, नाहीतर वर अंतऱ्यात आवाज चिरकतो. या पर्वात बहुतेक वेळा पट्टी नेमकी निवडलेली ऐकू येते, आणि मुले निर्धास्त गातात त्याचे मोठे श्रेय मी या निवडीला देतो.

कार्तिकी आळंदीची, घरात गाणे असलेली. तिचा आवाज खुल्या छातीचा, वारकरी भजनात टाळ-मृदंगाच्या वरून पोचावा असा आहे. गवळण आणि अभंग गाताना ती शब्द आधी टाकते आणि सूर त्याच्या मागोमाग येतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला अर्थासाठी थांबावे लागत नाही. तिच्या हरकती, म्हणजे सुरांच्या छोट्या झटपट वळणांच्या जागा, थोड्या, पण ठाम आहेत. जिथे हरकत घेते तिथून ती न अडखळता समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते. लय तर तिच्या अंगातच मुरलेली आहे. ढोलकीची उठाण, म्हणजे समेकडे नेणारा जोरकस तुकडा, सुरू झाली की इतर मुले किंचित पुढे सरकतात, ही मात्र जागची हलत नाही. उणीव सांगायची तर हळुवार भावगीतात आवाज लावण्याची तिची हीच खुली पद्धत जड वाटते, कारण आवाजाचे वजन कमी करून गाण्याची सवय त्या गळ्याला तेव्हा नव्हती. विजेतेपद तिला मिळाले ते योग्यच होते असे मला आजही वाटते, पण ते भक्तिगीतांच्या बळावर मिळाले, हेही तितकेच खरे आहे.

निव्वळ गळ्याच्या तयारीचा विचार केला तर मी आर्याचे नाव पहिले घेईन. तिच्या आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका आहेत, आणि ते शिक्षण तिच्या 'आ'कारात ऐकू येते. तार, म्हणजे वरच्या, सप्तकात जाताना तिचा जबडा घट्ट होत नाही, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे) मधल्या सुरांना स्पर्श करत जाते, आणि ओळीच्या शेवटी सूर सोडून न देता ती तो हळूहळू मिटवते. हे शेवटचे कौशल्य शिकवायला मला वर्गात वर्ष-वर्ष लागते. तिच्याबाबत माझी तक्रार एकच आहे की तिचे गाणे कधीकधी इतके निर्दोष होते की शब्दातली कळ त्या सफाईखाली झाकली जाते.

प्रथमेश कोकणातला, आणि नाट्यपद हे त्याचे घर. त्याचा दमसास त्या वयाच्या मानाने थक्क करणारा आहे, ताना दाणेदार आहेत आणि उच्चार स्वच्छ आहेत. 'चार'मधला 'च' आणि 'चमचा'मधला 'च' यांतला फरक मोठे गायकसुद्धा गाताना पुसून टाकतात, याने तो जपला आहे. मात्र नाट्यपद गाताना जुन्या गायकांच्या ढंगाची छाया त्याच्यावर पडते आणि मुलाच्या गळ्यातून प्रौढाचा आव ऐकू येऊ लागतो. अभंगात तसे होत नाही, तिथे तो स्वतःच्या आवाजात गातो. मुग्धा सगळ्यांत लहान असल्यामुळे तिच्या गोडव्याचेच कौतुक जास्त झाले. तिचा सूर मात्र त्या कौतुकात सांगितला गेला त्याहून पक्का होता, हे पडद्याकडे पाठ केल्यावरच माझ्या लक्षात आले. लातूरच्या रोहितच्या आवाजात धार आणि जोर आहे. चित्रपटगीताच्या उसळीत तो खुलतो, संथ गाण्यात मात्र लांब सुरावर कणसूर, म्हणजे किंचित बेसूर, होतो. कंठ फुटण्याच्या वयाजवळ आलेल्या मुलाला सतत वरच्या पट्टीत, जोर लावून गायला लावू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याची काही गाणी ऐकताना मला काळजी वाटली.

इथेच परीक्षणाचा मुद्दा येतो. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांनी मुलांना कधी दुखावले नाही, उलट मायेने सांभाळले, आणि पल्लवी जोशी यांच्या सूत्रसंचालनात ती मुले खेळकरही राहिली. गुण सुरांच्या नावांनी देण्याची, म्हणजे 'ध', 'नी' आणि अगदीच अपूर्व काही घडले तर 'वरचा सा', ही पद्धतही सुंदर होती. पण 'ध' का आणि 'नी' का नाही, याचे उत्तर प्रेक्षकाला पुष्कळदा मिळाले नाही. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत श्वास अपुरा पडला, कोमल गंधार (कोमल 'ग') चढा लागला, असे नेमके एक वाक्य जरी प्रत्येक गाण्यामागे बोलले गेले असते, तरी घरी बसून ऐकणाऱ्या हजारो पालकांचे आणि मुलांचे कान तयार झाले असते. 'अप्रतिम' या शब्दाने मुलाला आनंद होतो, पण उद्या सकाळी रियाजाला बसल्यावर काय सुधारायचे ते त्याला कळत नाही.

गाणे शिकणारे मूल घरात असेल तर हे पर्व त्याच्या सोबतीने जरूर ऐकावे, पण एका बैठकीत दोन-तीनच गाणी ऐकावीत, आणि तीही परत परत. मी मागच्या आठवड्यात वर्गात कार्तिकीची एक गवळण लावली होती. ती संपल्यावर नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारले, "सर, तिने श्वास कुठे घेतला?" मला चटकन सांगता येईना. आम्ही गाणे मागे घेतले, पुन्हा ऐकले, पुन्हा मागे घेतले, आणि चौथ्या वेळी सगळा वर्ग डोळे मिटून बसला असताना त्या मुलीनेच बोट वर केले. ढोलकीची उठाण आणि ध्रुवपदाचे पहिले अक्षर यांच्यामध्ये जी निमिषभर फट होती, तिथे तो श्वास होता.