ट्रॅकसाठीचे ब्रेक पॅड: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एकच स्पोर्ट्स कार रोजच्या रस्त्यावर आणि ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याच्या दिवशी, वापरणाऱ्याला ब्रेक पॅडच्या बाबतीत कुठेतरी तडजोड करावीच लागते. गाडीसोबत आलेले पुढचे पॅड काढून मी त्या जागी जास्त तापमान सोसणारे सेमी-मेटॅलिक (धातूमिश्रित) पॅड बसवले आणि कित्येक महिने तेच वापरत आहे. पॅड उत्तम आहेत, पण उरलेली जाडी पाहून त्यांचे आयुष्य ठरवण्याची रस्त्यावरची सवय ट्रॅकवर कामाची नाही, कारण तिथे सगळा हिशेब उष्णतेचा असतो.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी 200 किलोमीटरवरून 100 वर येताना ब्रेकना जी ऊर्जा पचवावी लागते, ती 100 वरून पूर्ण थांबण्याच्या तिप्पट असते, आणि ट्रॅकवर हे प्रत्येक फेरीत अनेकदा घडते. साध्या पॅडची पकड अशा वेळी काही फेऱ्यांतच ढासळू लागते. नव्या पॅडची पकड संपूर्ण सत्रभर टिकते, पेडलवर दिलेल्या दाबाला सारखाच प्रतिसाद मिळतो, आणि केवळ एवढ्यासाठीही मी हा खर्च योग्य मानतो.

झिजेचा वेग मात्र सरळ रेषेत चालत नाही. नव्या पॅडचे घर्षणद्रव्य साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाड असते. त्यातला पहिला अर्धा भाग सावकाश जातो आणि उरलेला भराभर, कारण पातळ झालेला पॅड कमी उष्णता सामावून घेतो, लवकर तापतो आणि ती उष्णता कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनमार्गे ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचवतो. रस्त्यावर 3 मिलिमीटरपर्यंत निर्धास्त वापरता येणारा पॅड ट्रॅकसाठी निम्म्यावर आला की मी बदलतो. काढलेला जोड रस्त्यावर वापरून संपवता येतो, त्यामुळे पैसे वाया जातात असेही नाही.

मोजताना बाहेरचा पॅड चाकाच्या आऱ्यांमधून दिसतो म्हणून तेवढाच पाहणे पुरेसे नाही. सरकत्या कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्या की आतला पॅड लवकर झिजतो. तसेच डिस्क ज्या बाजूने पॅडमध्ये शिरते ती कड अधिक तापते आणि पॅड तिरका होतो. म्हणून मी प्रत्येक पॅडची जाडी दोन्ही टोकांना मोजतो. माझ्या गाडीत मागचे पॅड अपेक्षेपेक्षा लवकर झिजले, याचे कारण स्थिरता नियंत्रणाची यंत्रणा: वळणावर ती आतल्या मागच्या चाकाला परस्पर ब्रेक लावते आणि चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

ब्रेक ऑइलकडे दुर्लक्ष करून महागडे पॅड घेणे मला निरर्थक वाटते. डॉट 4 प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताज्या अवस्थेत किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हवेतील ओलावा शोषल्यावर त्याची किमान मर्यादा 155 अंशांवर येते. पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल तर पॅड तापले आहेत. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. हा फरक पायाला कळणे फार महत्त्वाचे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

बसवल्यानंतर पॅड रुळवण्याचे काम घाईत उरकू नये. वेग क्रमाक्रमाने वाढवत, पूर्ण न थांबता ब्रेक लावत गेल्यावर डिस्कवर घर्षणद्रव्याचा पातळ, सारखा थर बसतो. तो असमान बसला की स्टिअरिंग थरथरते आणि डिस्क वाकली असा समज होतो. पुष्कळदा ती वाकलेली नसतेच. सत्र संपल्यावरही शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता काढावी, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावावा, नाहीतर तापलेला पॅड एकाच जागी डिस्कला चिकटून डाग सोडतो.

रोजच्या वापरातले तोटेही आहेत. सकाळी पहिल्या काही ब्रेकना पकड कमी असते, सिग्नलपाशी थांबताना किरकिर होते आणि चाकांवर बसणारी लोहयुक्त धूळ ओल लागताच गंजते, म्हणून ट्रॅकवरून आल्यावर चाके धुणे टाळता येत नाही. घरातल्या इतरांना गाडी चालवायला देताना थंड ब्रेकची कल्पना आधी द्यावी लागते.

पुढच्या चाकांना मी पुन्हा हेच पॅड घेईन. मागे अजून मूळचे पॅड आहेत, तिथेही याच मालिकेतले बसवणार आहे. पुढे-मागे पकडीत फार तफावत राहिली तर ब्रेकचा तोल बदलतो, आणि तापलेल्या अवस्थेत तो नेमका कुठे जाईल याचा अंदाज वळणाच्या तोंडाशी घेत बसण्याची माझी तयारी नाही.