मिलान ते बेल्लाजो: तिरानोची गाडी धरा, कोमोची सोडा

इटलीतलं कोमो सरोवर बघायचं म्हणून माणूस कोमो गावाचं तिकीट काढतो आणि तिथंच फसतो. हे तळं ४६ किलोमीटर लांब आहे, उलट्या वाय अक्षरासारखं. कोमो हे गाव त्याच्या एका पायाच्या पार खालच्या टोकाला. फोटोत दिसणारी बेल्लाजो, वारेन्ना, मेनाज्जो ही गावं मध्यावर, दोन्ही पाय जिथं जुळतात तिथं. कोमोहून बेल्लाजोला साधी बोट दोन तास घेते. वेरूळची लेणी बघायला निघून दौलताबादला उतरायचं आणि पुढं काय मिळेल ते बघू म्हणायचं, तसलाच हा प्रकार.

मिलानला शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या पोरांकडं आता संभाजीनगर, लातूर, नांदेडहून आई-वडील जाऊ लागलेत. पोरगं कामात, आई-वडिलांना दिवस मोकळा. अशांना एका दिवसात, टॅक्सी न करता, जाऊन-येऊन करण्याजोगा उत्तम रस्ता म्हणजे मिलान–वारेन्ना रेल्वे आणि पुढं बोट. रेल्वेला पाचपैकी चार गुण, बोटीला साडेतीन. गुण कुठं कापले ते खाली येईलच.

मिलानच्या मुख्य स्टेशनाचं नाव मिलानो चेंत्राले. १९३१ साली सुरू झालेली ही दगडी इमारत एवढी दांडगी आहे की नवखा माणूस छताकडंच बघत राहतो. २४ प्लॅटफॉर्म, सगळे एका ओळीत, आणि प्लॅटफॉर्मकडं जायला गेट. तिकीट दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणजे सोडायला आलेला मुलगा गेटच्या अलीकडंच थांबणार. बॅगा कोण उचलणार ते घरीच ठरवून निघा.

फलकावर वारेन्ना शोधू नका, ते ठळक दिसणार नाही. गाडी शेवटच्या स्टेशनाच्या नावानं लागते: तिरानो, कधी सोंद्रिओ. मुंबईत जालन्याला जायचं असलेला माणूस फलकावर जालना थोडीच शोधतो, तो देवगिरी नाहीतर नंदीग्राम शोधतो. तसंच इथं. खालच्या बारीक अक्षरांत मोंझा, लेक्को, वारेन्ना अशी नावं सरकत जातात, ती बघून खात्री करा. स्टेशनाचं पूर्ण नाव वारेन्ना-एसिनो-पेर्लेदो असं आहे. तीन गावांचं एक स्टेशन, त्यामुळं मशीनवर एवढं लांब नाव आलं तर गडबडू नका. 'बिनारिओ' म्हणजे प्लॅटफॉर्म, त्याचा आकडा गाडी सुटायच्या जेमतेम दहा-पंधरा मिनिटं आधी लागतो. त्याआधी सगळी गर्दी मान वर करून उभी असते.

थेट गाड्या त्रेनोर्द नावाची प्रादेशिक कंपनी चालवते. गेली बरीच वर्षं बहुतेक थेट गाड्या चेंत्रालेहून तासाला वीस मिनिटं झाली की सुटतात, पण दर तासाला असेलच असं धरू नका. अधूनमधून दोन तासांची फट पडते. वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी बदलतं आणि जूनमध्ये त्यात फेरफार होतात, म्हणून पोराच्या मित्रानं मागच्या वर्षी पाठवलेला स्क्रीनशॉट कामाचा नाही. प्रवास तासाच्या थोडा वर. तिकीट साधारण सात-साडेसात युरो, म्हणजे युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तर साडेसातशे रुपये एका बाजूचे. महाग वाटेल, पण त्याच प्रवासाला टॅक्सी याच्या कितीतरी पट घेते. एसटीसारखं बायकांना अर्धं तिकीट इथं नाही.

या तिकिटाची एक गोष्ट आपल्या माणसाला पटता पटत नाही. आरक्षण नाही, सीट नंबर नाही, तत्काळ नाही, वेटिंग नाही. दोन महिने आधी काढा की पाच मिनिटं आधी, भाव तोच. त्यामुळं भारतातून निघताना बुकिंगची वेबसाइट घेऊन बसायचं कारण नाही. उलट आधी काढलं आणि दिवस बदलला तर परताव्याच्या भानगडी.

कागदी तिकीट काढलं तर चढण्याआधी छोट्या पेटीत घालून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. ही पेटी प्लॅटफॉर्मच्या तोंडाशी, खांबावर किंवा भिंतीला लावलेली असते. शिक्का नसलेलं कागदी तिकीट म्हणजे न वापरलेलं तिकीट, असा तिथला हिशोब आहे. तेच तिकीट उद्या पुन्हा चालवता येईल, म्हणून तपासनीस दंड लावतो, आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' याला तो बधत नाही. तिकीट खरं, पैसे भरलेले, तरी दंड, हे पर्यटकांना फार झोंबतं. फोनवरच्या तिकिटाचा नियम वेगळा असतो, तो तिकिटावरच लिहिलेला असतो, चढायच्या आधी वाचा. पेटी बंद पडली असेल तर तिकिटावर पेनानं तारीख-वेळ लिहा आणि तपासनीस दिसताच आपणहून सांगा.

मशीनवर इंग्रजी भाषा निवडता येते. यूपीआय इथं विसरा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घेतलेले नसतील तर मशीन कार्ड परत फेकतं, आणि मग तिथून बँकेला फोन लावत बसावं लागतं. हे काम निघायच्या आधी, आपल्या शाखेत किंवा ॲपमध्ये उरकून घ्या. चेंत्रालेच्या मशीनपाशी 'मदत करू का' म्हणत जवळ येणारे लोक रेल्वेचे नसतात. नुसतं 'नो' म्हणा आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

गाडीत डाव्या बाजूला बसा. लेक्को सोडलं की तळं डावीकडं येतं ते वारेन्नापर्यंत. मध्ये बोगदे बरेच आहेत, मोबाईलवर व्हिडिओ काढायला घ्यावा आणि अंधार व्हावा असं चालू राहतं. उजवीकडं बसलात तर कातळ बघत जाल. लेक्कोपुढं मांदेल्लो नावाचं गाव लागतं, तिथं १९२१ पासून मोतो गुज्जीच्या मोटारसायकली बनतात. थेट गाडी तिथं थांबेलच असं नाही, पण बुलेटचं वेड असलेल्यानं खिडकीतून नजर टाकायला हरकत नाही.

आता गुण का कापला ते. लेक्कोपासून वर हा मार्ग एकेरी आहे. मनमाड–नांदेड रेषेवर वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही. समोरून येणारी गाडी लेट, की आपली गाडी कुठल्यातरी छोट्या स्टेशनात क्रॉसिंगला उभी. नगरसोल-लासूरला बसून जो धीर अंगी बाणतो तो इथं उपयोगी पडतो. फरक इतकाच की इथं बाहेर चहा-वडा नाही. उशिराला 'रितार्दो' म्हणतात, रद्द गाडीला 'कान्चेल्लातो'. दुरुस्तीच्या दिवसांत गाडीऐवजी बस सोडतात, ती तळ्याकाठच्या वळणावळणाच्या रस्त्यानं जाते आणि वेळ जास्त घेते. पोट हलकं असणाऱ्यानं पुढच्या सीटवर बसावं.

थोडं विषयांतर. याच लेक्को–कोलिको–सोंद्रिओ मार्गावर १९०२ साली उच्च दाबाच्या थ्री-फेज विजेवर गाड्या धावू लागल्या. मुख्य रेल्वेमार्गावर असं जगात पहिल्यांदाच झालं. बुडापेस्टच्या गान्झ कंपनीचा इंजिनिअर काल्मान कान्डो याची ती करामत. डोंगरातल्या पाण्यावर वीज स्वस्त पडायची आणि कोळसा बाहेरून आणावा लागायचा, म्हणून हे धाडस केलं. आपल्या मराठवाड्याच्या रुळांवर विजेच्या तारा यायला त्यानंतर सुमारे एकशेवीस वर्षं जावी लागली, तेव्हा लेट गाडीत बसून तारांकडं जरा आदरानं बघा.

वारेन्नाला गाडी मिनिटभरच थांबते. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. बटणावरचा दिवा हिरवा झाला की दाबा. पेंगुळलेली कुटुंबं सामानासकट पुढच्या स्टेशनात जाऊन पडतात ती या बटणापायीच. लेक्को गेलं की पंधरा मिनिटांत उठून दाराशी या. स्टेशन टेकाडावर, धक्का खाली. चालत सात-आठ मिनिटं, सगळा उतार. चाकांची मोठी सूटकेस दगडी फरशीवर खडखडत जाते आणि परतताना तीच चढावर ओढावी लागते. एका दिवसासाठी आला असाल तर मोठं सामान मिलानलाच ठेवा, चेंत्राले स्टेशनात सामान ठेवायची पैसे देऊन सोय आहे.

धक्क्यावर तिकीट खिडकीशी थांबून आधी ठरवा की कुठली बोट हवी. एकाच सरकारी सेवेच्या तीन जाती आहेत. साधी बोट, जिला 'बात्तेल्लो' म्हणतात. वेगवान बोट, जिचं भाडं जास्त आणि जिच्यात काचेआड बंद बसावं लागतं. आणि गाड्या वाहणारी फेरी, 'त्रागेत्तो'. पायी माणसानं ही तिसरीच धरावी. मोटारी चढवायला बनवलेली असल्यानं ती रुंद असते, माणसांना जागा भरपूर, वरच्या मजल्यावर उघडी हवा, आणि वारेन्ना, बेल्लाजो, मेनाज्जो, कादेनाब्बिया या चौकडीत तिच्या खेपा पुष्कळ. वारेन्नाहून बेल्लाजो पंधरा मिनिटं, भाडं पाच युरोच्या आसपास. चार वेळा बोट बदलून तिन्ही गावं करणार असाल तरच दिवसाच्या पासचा भाव विचारा. नुसतं जाऊन-येऊन करायचं तर सुटं तिकीट बरं.

बेल्लाजोला फेरीचा धक्का आणि साध्या बोटीचा धक्का वेगळे आहेत, एकमेकांपासून थोड्या अंतरावर. परतताना चुकीच्या धक्क्यावर रांग लावून बसलेली माणसं आपली बोट पलीकडून सुटताना बघतात. तिकिटावर कुठली सेवा लिहिलीय ते बघा, मगच रांगेत उभे राहा. बोटीचा दीड गुण इथं आणि उन्हाळ्यातल्या रांगांपायी गेला. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी दुपारी बेल्लाजोच्या धक्क्यावर रांग वळून वळून जाते आणि एखादी बोट भरली की दोर ओढून घेतात.

रेल्वेचंही रविवारी तेच. मिलानची माणसं तळ्यावर आणि डोंगरावर निघतात, सकाळी नऊच्या पुढच्या गाड्यांत मोंझाच्या पुढं उभं राहावं लागतं. संध्याकाळी पाच ते सात परतीला ठासून भरतात. आपल्याला जायचंच आहे तर मंगळवार-बुधवार निवडा, सकाळी आठच्या सुमाराची गाडी धरा आणि दुपारी तीनच्या आत वारेन्नाकडं परता. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या, गाडीत खायला कुणी हरकत घेत नाही, आणि विकायला कुणी येतही नाही.

थेट विमानतळावरून येणार असाल तर माल्पेन्साहून माल्पेन्सा एक्स्प्रेस आहे. पण ती दोन ठिकाणी जाते: काही गाड्या चेंत्रालेला, काही मिलानच्याच कादोर्ना स्टेशनाला. चेंत्रालेची धरा, पाऊण-एक तास लागतो. चुकून कादोर्नाला पोचलात तर घाबरायचं कारण नाही, तिथून हिरवी मेट्रो, एम-दोन, पाच स्टेशनांत चेंत्रालेला आणून सोडते. सामान, गेट, प्लॅटफॉर्म शोधणं हे सगळं धरून चेंत्रालेला गाडी बदलायला अर्धा तास हातात ठेवा. युरोपातल्या दुसऱ्या शहरातून स्वस्त विमानानं बेर्गामोला उतरलात तर मिलानला यायची गरजच नाही: विमानतळावरून बसनं बेर्गामो स्टेशन, तिथून लेक्कोची गाडी, साधारण चाळीस मिनिटं, आणि लेक्कोला वारेन्नाची गाडी.

थेट गाडी चुकली किंवा रद्द झाली तर मिलानच्या पोर्ता गारिबाल्दी स्टेशनावरून लेक्कोला एस-आठ ही लोकल आहे. लेक्कोला उतरून वरच्या बाजूची, सोंद्रिओ किंवा कोलिकोकडं जाणारी गाडी घ्यायची. वेळ जास्त जातो पण दिवस वाया जात नाही.

संप हा तिथला नेहमीचा प्रकार. नाव 'शोपेरो'. फायदा एवढाच की आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरलेल्या गाड्या संपातही सोडाव्या लागतात. आदल्या रात्री त्रेनोर्दच्या साइटवर एकदा बघून झोपा.

कोमो गाव मग अगदीच टाकाऊ का? तसं नाही. कादोर्नाहून कोमो नोर्द लागो स्टेशनला सुमारे एका तासात पोचतो आणि स्टेशन तळ्याला चिकटूनच आहे, चढ-उतार नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना वारेन्नाच्या चढापेक्षा हे बरं. तिथून ब्रुनातेला १८९४ पासून दोरावर ओढली जाणारी गाडी, फुनिकोलारे, आहे, सात मिनिटांत डोंगरावर. तळं, गाव आणि वरून नजारा, अर्ध्या दिवसात आटोपतं. बेल्लाजोचा हट्ट मात्र मग सोडा.

आकारानं आपला नाथसागर या तळ्याच्या दुपटीहून मोठा आहे, हे पैठणच्या माणसानं तिथं कुणाला सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण पैठणच्या धरणावर अशी तासातासाला सुटणारी बोट नाही, हेही खरं.

परतीची शेवटची बोट ऋतूप्रमाणे बदलते. हिवाळ्यात खेपा कमी होतात. बेल्लाजोला उतरल्या उतरल्या धक्क्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा, आणि वारेन्नाहून मिलानला जाणाऱ्या शेवटच्या दोन गाड्यांची वेळ त्याच्या शेजारी लिहून ठेवा. बेल्लाजोला रेल्वे स्टेशन नाही.