सात महिन्यांनंतर: फोन चांगला, पण माणसाचा रंग बदलतो

गणपतीआधी घेतलेला फोन, आता शिमगा आला. मालवणात माझं फोटो काढायचं आणि फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे फोन दिवसभर राबतो. बॅटरी रात्रीपर्यंत पुरते, खाऱ्या हवेतही चार्जिंगची पिन गंजली नाही. त्याबद्दल तक्रार नाही.

लिहायचंय ते कॅमेऱ्याबद्दल. दांडी किनाऱ्यावरच्या एक काकी मासे विकतात, त्या फोटोला आल्या. रापलेला चेहरा, कपाळावर हिरवं गोंदण, नाकात चमकी. स्क्रीनवर दिसली ती दुसरीच बाई! गोंदण पुसट, सुरकुत्या गायब, रंग तांदळाच्या पिठासारखा. सेटिंगमध्ये बघितलं तर ‘ब्युटी’ कंपनीकडूनच चालू होऊन आलेलं. ते बंद केलं. मग ऑनलाइन अर्जासाठी चेहरा तपासायला घेतला, तर ‘चेहरा स्पष्ट नाही’. चारदा तेच. त्याच ट्यूबलाइटखाली माझ्या गोऱ्या बहिणीचं काम पहिल्या फटक्यात झालं. काकी ओशाळून म्हणाल्या, “माझाच तोंड काळा रे झिला, तुझो मोबाईल काय करतलो?”

ते मनातून जात नाही. चुकलं यंत्र आणि खाली मान घातली काकींनी.

हे नवीन नाही. बाबांच्या रोलच्या जमान्यात कोडॅकचं ‘शर्ली कार्ड’ असायचं. त्यावरच्या गोऱ्या बाईची कातडी नीट उतरली की प्रिंटचे रंग बरोबर, असं लॅबवाले धरत. सावळी माणसं त्या मापात बसायची नाहीत. आता कार्ड गेलं, पण माप तेच राहिलं. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधक बायकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत! यंत्राला शिकवायला जे चेहरे दाखवतात त्यांत गोरेच फार असले, तर ते दुसरं काय शिकणार? आणि कुठले चेहरे दाखवायचे हे ठरवणारा कधी आपल्यासमोर येत नाही.

सगळा दोष त्या शिकवण्यावर ढकलत नाही. पांढऱ्या पडद्यापुढे कॅमेरा उजेडाचा अंदाज पडद्यावरून घेतो आणि चेहरा काळवंडतो, हे कुठल्याही फोटोवाल्याला ठाऊक असतं. म्हणून आता गिऱ्हाईक ओटीवर, दारातून येणाऱ्या उजेडात बसवतो, पडद्यापासून दोन हात पुढे. स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावून उजेडाची खूण थोडी वर सरकवतो. याने बहुतेकांचं काम होतं, काकींचंही झालं. पण गोरं करायची सोय आधीच चालू ठेवणं हा उजेडाचा प्रश्न नाही. ते कुणीतरी बसून ठरवलंय. दोन अपडेटनंतर ती आपोआप पुन्हा चालू झाली. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं, ‘चांगल्या प्रकाशात फोटो काढा.’

घरच्या वापराला घ्यायचा तर घ्या, पण पहिल्याच दिवशी ‘ब्युटी’ शून्यावर आणा आणि प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा बघा. दुकानासाठी घेत असाल तर आधी आपल्याकडच्या चार रापलेल्या माणसांचे फोटो काढून बघा, मगच पैसे द्या. माझ्याकडून पाचपैकी दोन तारे.