साथीच्या काळात कॉलेजच्या स्पर्धा: भरवायच्या, सगळं बंद ठेवायचं की फक्त प्रॅक्टिस?

नाशिकमधले ओळखीचे एक-दोन जिमखानावाले सध्या विचारतायत की परत कोविडसारखी साथ आली तर स्पर्धांचं काय करायचं ते आत्ताच कागदावर ठरवून ठेवावं म्हणतोय, तुम्ही तेव्हा काय केलं होतं? मी २०२०-२१ मधे इथल्याच एका कॉलेजच्या कबड्डीच्या पोरांचं आणि थोडं अ‍ॅथलेटिक्सचं बघत होतो, हा निर्णय आमच्यासमोर आला होता, म्हणून सविस्तर लिहितोय. मास्क, सॅनिटायझर, सहा फूट अंतर हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात जात नाही.

पर्याय तसे तीन. स्पर्धा होऊ द्यायच्या, सगळंच बंद ठेवायचं, नाहीतर स्पर्धा नाहीत पण मैदान छोट्या गटांसाठी चालू. आम्ही तिसरा घेतला आणि मला अजूनही तोच बरा वाटतो, पण बाकीच्या दोघांच्या बाजूनेही बरंच आहे.

स्पर्धा व्हायलाच पाहिजेत म्हणणाऱ्यांना लगेच बेजबाबदार म्हणू नका. टीवायच्या, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या पोराच्या हातात ते एकच वर्ष असतं. आंतरविद्यापीठला वयाची अट, पोलीस भरतीला वयाची अट, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे पण त्यासाठी स्पर्धेचं सर्टिफिकेट लागतं, नुसतं चांगला खेळतो म्हणून कोणी घेत नाही. पेठ, सुरगाणा, हरसूल साइडहून जी मुलंमुली नाशिकला शिकायला येतात त्यांच्यासमोर सावरपाड्याच्या कविता राऊतचं उदाहरण आहे, पळत पळत ती २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमधे १०,००० मीटरच्या ब्राँझपर्यंत गेली. अशा मुलाला "यंदा थांब, पुढच्या वर्षी बघू" म्हणणं आपल्याला सोपं आहे, पण तो गावी गेला की द्राक्षाच्या बागेत रोजाने लागतो, घरात चार पैसे यायला लागतात, मग पुढच्या वर्षी तो परत येईलच याची खात्री कोण देणार? खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धा बघा, पहिल्या भुवनेश्वरला फेब्रुवारी-मार्च २०२० मधे झाल्या आणि दुसऱ्या थेट बेंगळुरूला एप्रिल-मे २०२२ मधे. मधल्या बॅचच्या वाट्याला काहीच आलं नाही, आणि त्याचं दुःख मी आमच्याच पोरांच्या तोंडावर बघितलंय.

सगळं बंद ठेवणं हे कागदावर सगळ्यात सेफ. प्रिन्सिपलना रात्री झोप लागते, कुणाचा फोन येत नाही. आणि काही महिने असे असतात की दुसरा विचार करूच नये. २०२० च्या उन्हाळ्यात मालेगावची परिस्थिती आपण सगळ्यांनी बघितली. आणि एप्रिल २०२१ कोण विसरेल, २१ तारखेला झाकीर हुसेन हॉस्पिटलमधे ऑक्सिजनची टाकी लीक झाली आणि २२ पेशंट गेले, त्या आठवड्यात शहरात बेडसाठी लोक वणवण फिरत होते. तेव्हा मैदान उघडं ठेवा असं मीही म्हटलं नसतं, आणि आम्ही ठेवलंही नाही.

पण बंदची खरी किंमत मुलींनी दिली, हे मी जवळून बघितलंय. मुलगा घरी बसला तरी संध्याकाळी कुठेतरी पळून येतो, गल्लीत मित्रांबरोबर दंड-बैठका मारतो. मुलीला मैदान हेच घराबाहेर पडायचं कारण असतं. ते बंद झालं की स्वयंपाक, भांडी, लहान भावंडं, आणि मग "तशीही घरीच आहे तर" म्हणून स्थळं बघायला सुरुवात. आमच्या एका चांगल्या लांब पल्ल्याच्या धावपटूचं लग्न पहिल्याच लॉकडाऊनमधे उरकलं गेलं. वयात बसत होती, सगळं कायदेशीर होतं, पण ती पुन्हा ट्रॅकवर आली नाही. कॉलेज चालू असतं तर झालं नसतं असं ठामपणे नाही म्हणणार, पण त्या घरात रोज संध्याकाळी "प्रॅक्टिसला जाते" हे वाक्य चालू राहिलं असतं तर बरंच काही पुढे ढकललं गेलं असतं असं मला वाटतं. म्हणून सरसकट कुलूप लावणं मला पटत नाही.

आता स्पर्धा. जो कबड्डी खेळलाय त्याला वेगळं सांगायला नको. रेडरला कॅन्ट, म्हणजे "कबड्डी कबड्डी" म्हणणं, चालू ठेवावाच लागतो, तोही पंचांना ऐकू जाईल असा, म्हणजे समोरच्या सात जणांच्या तोंडावर अर्धा मिनिट जोरात श्वास सोडत बोलायचं, आणि पकड झाली की चार-पाच जण एकावर एक. श्वासातून पसरणाऱ्या रोगाला यापेक्षा मोकळं रान काय पाहिजे. मास्क लावून कॅन्ट घेता येत नाही, आम्ही प्रॅक्टिसमधे करून बघितलं, पोरं घुसमटतात. कुस्तीचंही तेच. खो-खो थोडा बरा, धावणं, भालाफेक, उड्या हे तर जवळजवळ एकट्याचे खेळ. त्यामुळे "स्पर्धा" असा एकच गठ्ठा करून हो-नाही ठरवणं मुळात चुकीचं आहे.

तरी मॅच मला तेवढी भीतीदायक वाटत नाही, मॅच चाळीस मिनिटांत संपते. खरी गोम मुक्कामाची असते. दुसऱ्या तालुक्यात स्पर्धा म्हटली की एका क्रूझरमधे कोंबून प्रवास, मंगल कार्यालयाच्या नाहीतर शाळेच्या एका हॉलमधे ओळीने गाद्या, दोन नळ, एकच पंगत. मोठ्या लीगला हे सगळं पैशाने टाळता येतं, आणि तिथेही काय झालं ते आठवा. आयपीएल २०२१ बायोबबल, म्हणजे खेळाडूंना बाहेरच्यांपासून पूर्ण वेगळं ठेवणं, असूनही ४ मे ला थांबवावी लागली आणि उरलेली सप्टेंबर-ऑक्टोबरमधे यूएईत नेऊन खेळवली. रणजी तर २०२०-२१ ला झालीच नाही, १९३४-३५ ला सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. क्रिकेट बोर्डाला जे जमलं नाही ते तालुक्याच्या संयोजन समितीला जमेल अशी अपेक्षा ठेवणं त्या समितीवरही अन्याय आहे.

एवढं सगळं असूनही आमच्याकडे मतं अर्धी-अर्धी होती. १५ फेब्रुवारी २०२१ ला राज्यातली कॉलेजं पन्नास टक्के हजेरीने उघडली, पोरं खूश, लगेच एका निमंत्रित स्पर्धेचं पत्र आलं. मीही जायच्या बाजूला झुकलो होतो. माझं मत पक्कं झालं ते पत्राबरोबर आलेल्या हमीपत्रामुळे. त्यात लिहिलेलं की खेळाडू स्वतःच्या मर्जीने खेळतोय, त्याला संसर्ग झाला तर संयोजक आणि कॉलेज यांच्यावर कसलीही जबाबदारी नाही, उपचाराचा सगळा खर्च पालकांचा, आणि खाली पालकांची सही. सही नाही तर एंट्री नाही.

हा कागद मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो, आजही त्याचा राग जात नाही. संघातल्या पोरांचे वडील कोण, तर कोणी अंबडच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, कोणी पेठला भातशेती आणि उन्हाळ्यात मजुरी. त्यांना हॉस्पिटलचं लाखाचं बिल म्हणजे जमीन विकायची वेळ. आणि ते सही करणार, कारण पोरगा म्हणतोय सरांनी सांगितलंय. एकाने तर घरी जायला वेळ नाही म्हणून वडिलांची सही स्वतःच करून आणली. कॉलेजचा विमा काढलेला होता, तो मी मागवून वाचला, तो अपघाताचा, लिगामेंट गेला तर पैसे मिळतील, संसर्गाला नाही. म्हणजे ट्रॉफी आली तर फोटोत संस्था, संयोजक सगळे, आणि पोरगा आजारी पडला तर एकटा बाप.

याच्या समोर अमेरिकेचं ठेवून बघा, कारण तिकडे कॉलेजचं फुटबॉल म्हणजे टीव्हीचा प्रचंड पैसा, स्पर्धा व्हाव्यात म्हणून दबाव आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी ५ ऑगस्ट २०२० ला त्यांच्या एनसीएएने, म्हणजे तिकडच्या कॉलेज-खेळांच्या मुख्य संस्थेने, नियम काढला की खेळायचं असेल तर कोविडबाबतचे कायदेशीर हक्क सोडून द्या असं कुठलंही कॉलेज खेळाडूकडून लिहून घेऊ शकत नाही, भीती वाटते म्हणून जो खेळणार नाही त्याची स्कॉलरशिप काढायची नाही, आणि कोविडच्या उपचाराचा भार खेळाडूच्या खिशावर पडू द्यायचा नाही. वर पात्रतेचं एक वर्ष वाढवून दिलं. बिग टेन नावाच्या त्यांच्या मोठ्या गटाने ११ ऑगस्टला सीझन पुढे ढकलला होता, सप्टेंबरमधे परत सुरू करायचं ठरवलं ते रोजची टेस्ट आणि पॉझिटिव्ह आलेल्याची हृदयाची तपासणी या अटीवर, आणि तो खेळाडू किमान २१ दिवस मॅचबाहेर. एवढं करूनही मार्च २०२१ च्या बास्केटबॉल स्पर्धेत व्हर्जिनियाच्या एका विद्यापीठाची टीम पॉझिटिव्ह निघाली आणि एकही मॅच न खेळता बाहेर गेली. त्यांनी स्पर्धा घेतल्या हे बरोबरच होतं असं मी म्हणत नाही, तिथेही पुष्कळ लोक विरोधात होते, आयव्ही लीगच्या, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे जुन्या नामवंत विद्यापीठांच्या गटाच्या, कॉलेजांनी तर त्या वर्षी फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही खेळायचंच नाही असं ठरवलं. पण ज्यांनी घेतल्या त्यांच्यावर जबाबदारी लिहून टाकलेली होती. आपल्याकडे जबाबदारी लिहून झटकलेली होती.

आम्ही टीम पाठवली नाही. पोरं नाराज झाली, कॅप्टन काही दिवस माझ्याशी धड बोलला नाही. महिनाभरात शहरात निर्बंध वाढत गेले आणि एप्रिलमधे तर सगळंच थांबलं, त्यामुळे तो वाद आपोआप मिटला.

प्रॅक्टिसचं मात्र आम्ही दिवाळीनंतरच चालू केलं होतं. पाच-सहा जणांचे गट, गट बदलायचा नाही, सकाळी उघड्या मैदानावर, हॉल आणि जिम बंदच. कबड्डीवाल्यांना पकड नाही, फक्त फूटवर्क, रनिंग, दोरी, डोंगर. पांडवलेणीच्या पायऱ्या त्या हिवाळ्यात आमच्या पोरांनी जेवढ्या चढल्या तेवढ्या आधी कधी चढल्या नसतील. एका गटातला मुलगा पॉझिटिव्ह आला, त्याच्या घरात आधी झालं होतं, आम्ही तो एकच गट घरी बसवला, बाकीचे चालू राहिले आणि त्यांच्यात पुढे कुणाला झालं नाही. हा काही अभ्यास नाही, आमचं नशीबही असेल. पण पोरं टिकली, मुली टिकल्या, आणि स्पर्धा परत सुरू झाल्या तेव्हा आमचा संघ उभा करायला नव्याने पोरं शोधावी लागली नाहीत.

तुमच्याकडे टेस्टचे पैसे असतील, खेळ एकट्याचा असेल, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येत असेल आणि संस्था उपचाराचा खर्च लेखी घ्यायला तयार असेल तर स्पर्धा घ्या, मी आड येणार नाही. गोल्फ क्लबच्या मैदानावर एका दिवसात होणारी क्रॉस कंट्रीची निवड आणि तीन दिवस मुक्कामाची कबड्डी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाट चढत असेल तर मैदानही बंद, तेही मान्य. प्लॅन लिहायला बसाल तेव्हा पहिल्या पानावर हमीपत्र उलटं लिहा, म्हणजे कॉलेज पालकांना काय हमी देतं ते, विम्यात संसर्ग बसतो का ते एजंटकडून लेखी घ्या, आणि मैदान बंद असताना मुलींच्या घरी दर आठवड्याला फोन कोणी करायचा त्यांचं नाव त्यात टाका. आमच्याकडे ते एका मॅडमनी स्वतःहून केलं, कुणी सांगितलं नव्हतं.