डबीभर चटणीचे २५ रुपये: मुंबईच्या वड्याचा अलिबागमधला वर्षभराचा अनुभव

मिक्सर, फ्रिज, स्कूटर यांच्याबद्दल लोक वापरून झाल्यावर लिहितात. मी एका उपाहारगृहाबद्दल लिहितोय, कारण गेल्या वर्षभरात घरच्या मिक्सरपेक्षा त्याचाच वापर जास्त झालाय. लिहायला बसलो ते एका बिलामुळे. बटाटेवडा दोन नग, ११० रुपये. चहा, ४० रुपये. आणि खाली तिसरी ओळ: जादा चटणी, २५ रुपये. त्यावर पाच टक्के जीएसटी धरला की चटणी पडली सव्वीस रुपये पंचवीस पैशांना. कुठे? तर अलिबागेत, जिथे माझ्या परसात चार माड आहेत आणि वाऱ्याच्या दिवसांत नारळ पत्र्यावर पडून झोप मोडते.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. का, ते शेवटी कळेल. मध्य मुंबईतलं जुनं मराठी उपाहारगृह, एवढं पुरे. नोकरीची एकतीस वर्षं मी तिथे वडा खाल्ला. तिथे एक माणूस फक्त चटणीचं स्टीलचं भांडं आणि पळी घेऊन टेबलांमधून फिरायचा. बशीतली चटणी संपत आली की न मागता पळी पडायची. नको असेल तर बशीवर हात आडवा धरावा लागे. निवृत्तीनंतर आम्ही अलिबागेत चेंढऱ्याला राहायला आलो, तेव्हा मुंबईतलं काय काय सुटलं याच्या माझ्या यादीत ही पळी बरीच वर होती.

त्यामुळे २०२४ च्या दिवाळीत त्यांची शाखा इथे उघडली, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात तीनदा गेलो. बायको म्हणाली, लग्नाच्या वर्षी माझ्यासाठी एवढ्या फेऱ्या मारल्या नव्हत्यास.

मुंबईची हॉटेलं इथे का येताहेत, हे उघड आहे. २०२० मध्ये मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यापासून अलिबागजवळच्या मांडव्यापर्यंत रोरो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, सुरू झाली आणि माणसं गाडीसकट तासाभरात या बाजूला उतरू लागली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. शनिवार-रविवारी मांडव्याहून गावात येणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते, त्यातल्या प्रत्येक गाडीत दादर-पार्ल्याला वाढलेला एक तरी माणूस असतो. मासे एकदा खाऊन झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्याचाच ओळखीचा नाश्ता हवा असतो. हॉटेलवाल्यांनी हेच हेरलंय, आणि ते हेरण्यात काही चूक नाही.

पहिल्या आठवड्याचं मत: जागा उत्तम, पंखे भरपूर, स्वच्छतागृह मुंबईपेक्षा कितीतरी बरं. समुद्र दिसतो, पण पार्किंगच्या पलीकडे. थालीपीठ ठीक. कोथिंबीर वडी चांगली. चहा मुंबईचा नाही; इथलं पाणी वेगळं, त्याला ते काय करणार. वडा गरम असला तर नव्वद टक्के तोच. पण चटणी प्लास्टिकच्या झाकणाच्या डबीत.

मी एक डबी खिशात घालून घरी आणली आणि चहाच्या चमच्याने मोजली. साडेतीन चमचे. दोन वड्यांना साडेतीन चमचे. पहिल्या वड्याच्या दुसऱ्या घासाला डबीचा तळ दिसतो, मग उरलेला वडा माणसाने काय, समुद्राकडे बघत खायचा?

चवीचं तर विचारू नका. नारळाची चटणी फ्रिजमधून काढली की खोबऱ्याचं तेल थिजलेलं असतं, त्यामुळे ती जिभेला रवाळ लागते. जरा वेळ बाहेर राहिली की पाणी सुटतं आणि वर मिरचीचा हिरवा थर तरंगतो. मॅनेजर तरुण, मुंबईचाच, बोलायला गोड. त्याने समजावलं, "काका, सगळ्या शाखांची चव एक राहावी म्हणून चटणी बेस किचनमधूनच येते." म्हणजे नारळ वाशीच्या घाऊक बाजारातून घ्यायचा, जो बहुधा दक्षिणेकडून ट्रकने आलेला, मग तो मुंबईत वाटायचा, डब्यांत भरायचा, थंड पेटीत ठेवून रोरोवर चढवायचा, मांडव्याला उतरवायचा आणि अलिबागशेजारच्या नागावातल्या नारळाच्या वाड्यांपासून हाकेच्या अंतरावर आणून मला २५ रुपयांना विकायचा. हा हिशेब मी त्याला कागदावर काढून दाखवला. तो म्हणाला, "नारळ महाग झालाय काका." खरं आहे, झालाय. म्हणून तर माझ्या पत्र्यावर पडलेला नारळ मी हल्ली लगेच उचलून आत घेतो. पण महागलेल्या नारळाला आधी मुंबई दाखवून आणायची काय गरज?

चटणी सोडून दुसरं भांडण झालं ते जानेवारीत. बिलात 'सेवा शुल्क ५%' अशी ओळ आली. मुंबईच्या मूळ दुकानात असली ओळ माझ्या हयातीत पाहिली नव्हती. मी सांगितलं, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय की हे शुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, काढून टाका. काढलं, पण प्रत्येक वेळी सांगावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या टेबलावरची गाडीवाली मंडळी माझ्याकडे बघायची. मार्च २०२५ च्या शेवटी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली, आणि एप्रिलमध्ये ती ओळ न बोलता नाहीशी झाली. श्रेय मी घेत नाही. पण मॅनेजरने त्या दिवशी बिल माझ्यापुढे ठेवताना बोटाने ती रिकामी जागा दाखवली, हे नमूद करतो.

त्यांना न कळलेली आणखी एक गोष्ट भरती-ओहोटीची. ओहोटीला अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचा वड्याशी काय संबंध, हे मुंबईहून आलेल्या माणसाला पाच महिने कळलं नाही. पाणी उतरलेलं असताना निम्मा गाव भरून पाहुणे किल्ल्यात असतात आणि हॉटेलात पोरं माश्या मारत उभी. पाणी चढायला लागलं की तेच पाहुणे पँटी दुमडून, भुकेले, एकदम आत. मॅनेजर म्हणायचा, "काका, इथल्या गर्दीला काही नियमच नाही. गेल्या शनिवारी बारा वाजता शुकशुकाट, या शनिवारी बारा वाजता रांग." अरे बाबा, भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आठवड्याभरात सगळं उलटं होणारच! मी त्याला इकडचा जुना हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. थोडं मागेपुढे होतं, पण वडे किती तळून ठेवायचे हे ठरवायला पुरतं. त्याने स्वयंपाकघरात दिनदर्शिका टांगली. मला त्या दिवशी चहा फुकट मिळाला. जादा चटणी बिलात होतीच.

हिवाळ्यात त्यांनी 'पोपटी' काढली होती, म्हणजे आमच्याकडे मडक्यात घालून जाळावर भाजतात त्या वालाच्या शेंगा, पण ओव्हनमधून. ज्यांनी शेतात भांबुर्ड्याचा पाला घातलेल्या मडक्यातली पोपटी खाल्लीय, त्यांच्यासाठी एवढीच माहिती पुरेशी आहे.

इथपर्यंतचं मी मे महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी पाचपैकी दोन तारे दिले होते. ते पाठवायचं राहिलं. बरं झालं.

२०२५ मध्ये पाऊस फारच लवकर आला, २६ मे रोजी मान्सून मुंबईत. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंदच असतात, रोरो हवामान बघून चालते. पाहुणे ओसरले, गाव पुन्हा आमचं झालं. हॉटेलात सकाळी पाच-सहा टेबलं भरायची, त्यातली निम्मी आमच्यासारख्यांची. मुंबईची पोरं परत पाठवली गेली आणि त्यांच्या जागी इथलीच माणसं आली. त्यात नागावच्या एक ताई, बटाटे सोलायला आणि भाज्या चिरायला.

ऑगस्टच्या १८ आणि १९ तारखेला मुंबईत आणि रायगडात जो पाऊस कोसळला, तो कोणी विसरलेलं नसेल. वीस तारखेला, बुधवारी, जरा उघडीप होती म्हणून मी छत्री घेऊन निघालो. बायको म्हणाली, एवढ्या पावसात वड्यासाठी जाणारा माणूस म्हातारा झालाय असं कोण म्हणेल. हॉटेल उघडं होतं, पण मुंबईहून माल आणणारी गाडी दोन दिवस आली नव्हती. मॅनेजर म्हणाला, "काका, वडा आज इथेच केलाय, चटणीपण. चालेल का?"

चटणी वाटीत आली. स्टीलच्या वाटीत.

उगाच कौतुक करत नाही, ती पाट्यावर वगैरे वाटलेली नव्हती. मिक्सरवरच, पण जाडसर, पाणी बेताचं. ओलं खोबरं, हिरवी मिरची, थोडी लसूण, भरपूर कोथिंबीर, लिंबू. वर काही नाही. वड्याचं पीठ जरा जाड झालं होतं आणि आकार एकाचा एकाला नव्हता. पण ती चटणी मुंबईपेक्षा चांगली होती. हे वाक्य लिहायला मला तीन महिने लागलेत. एकतीस वर्षं ज्या पळीची मी आठवण काढली, तिच्यातल्या चटणीपेक्षा ही चांगली होती. नारळ सकाळी फोडला असेल तर चटणीला जी गोडी असते, ती मुंबईत असणार तरी कुठून? मी मुंबईच्या चटणीच्या नव्हे, पळीच्या प्रेमात होतो की काय, असा एक विचार येऊन गेला. तो मी वड्याबरोबर गिळला.

ताई आतून बघत होत्या. मी वाटी उचलून दाखवली. त्या म्हणाल्या, "नारल आमच्याच वारीतला हाय काका. घ्या अजून, घ्या." आणि पळी पडली.

बिलात जादा चटणी नव्हती. गणपती होईपर्यंत कधी गाडी आली, कधी नाही, पण वाटी चालू राहिली. मी त्या दिवसांत आठवड्यातून तीनदा जायचो आणि मेमधल्या दोन ताऱ्यांचे साडेचार केले होते.

मग सप्टेंबरात बोटी सुरू झाल्या, नवरात्र आलं, दिवाळीची बुकिंगं आली, मुंबईची पोरं परतली आणि डबीही परतली. आता ३० रुपये. मॅनेजरला विचारलं तर तो खरंच ओशाळला. म्हणाला, "शनिवार-रविवारी इतक्या चटणीला रोज नारळ कोण फोडणार काका? आणि वरच्यांना सगळीकडे एकच चव लागते." पहिला मुद्दा मी मान्य करतो. गर्दीच्या दिवशी नारळ खवायला दोन माणसं जास्त लागतील आणि सोमवारी त्यांना काम नसेल. शनिवार-रविवारवर चालणाऱ्या गावात हे गणित सोपं नाही. दुसरा मुद्दा मान्य नाही. वरच्यांनी एकदा इथे येऊन दोन्ही चटण्या शेजारी ठेवून खाव्यात. नारळ मी देतो.

मध्यंतरी मी घरून स्टीलच्या डबीत चटणी नेण्याचा प्रयोगही केला. दोनदा चालला. तिसऱ्यांदा नव्या वेटरने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत.

तर सध्याची स्थिती. वीकेंडला जाऊ नका. गेलातच तर तिथीची पाऊणपट काढून, ओहोटी असताना जा, जागा मिळेल. कोथिंबीर वडी घ्या, तिला चटणी लागत नाही. चहा बाहेर टपरीवर प्या, १५ रुपयांत.

आणि गेल्या महिन्यात बिल भरून निघताना ताई मागच्या दाराशी भेटल्या. आजूबाजूला बघून म्हणाल्या, "काका, मंगलवारी या. मंगलवारी गारी येत नाय."

तेव्हापासून चार मंगळवार झाले. सकाळी साडेआठला जातो. वाटी येते, पळी येते. मशीनमध्ये ताईंच्या चटणीचा कोडच नाही, त्यामुळे ती बिलात छापताच येत नाही. मॅनेजरला माहीत आहे, तो बोलत नाही. मीही बोलत नाही, आणि हॉटेलचं नाव लिहिलेलं नाही ते यासाठीच. मंगळवारी तिथे सध्या पाचच टेबलं भरतात, आणि नारळ तेवढेच असतात.