प्रेस बंद झाल्यावर समुपदेशन घेतलं: आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी पैशाचं सांगतो, कारण सांगलीत कुणाला कळलं की पहिला प्रश्न तोच येतो. पन्नास मिनिटांच्या सेशनला हजाराच्या थोडे आत. सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, आता महिना-दीड महिन्याने. मेडिक्लेममधून रुपया मिळाला नाही. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायचं, असं २०१७च्या कायद्यात आहे खरं. पण माझी पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देते, आणि नुसतं बोलायला जाणारा माणूस भरती कशाला होईल? सगळा खर्च खिशातून. माझ्यासारख्या धंदा गेलेल्या माणसाला तो जड गेला, हे लपवत नाही.

वडिलांपासूनची ऑफसेट प्रेस होती. बिलबुकं, लग्नपत्रिका, मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तकं, निवडणूक आली की हँडबिलं. जीएसटी आल्यावर दुकानदार कॉम्प्युटरवर बिलं करायला लागले, पत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या आणि उरलेलं कोरोनात बसलं. छपाईचं डॉमिनंट मशीन भंगारापेक्षा जरा बऱ्या भावात गेलं. त्यानंतर झोप उडाली. फोन वाजला की छातीत धडधडायचं. लग्नाकार्यात जाणं बंद. बायको म्हणाली, कुणाशी तरी बोला, माझ्याशी नाही तर निदान त्या शिकलेल्या माणसांशी तरी.

पहिले जे भेटले त्यांनी माझ्यापेक्षा स्वतःच जास्त बोलून घेतलं आणि शेवटी ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून पाठवलं. परत गेलो नाही. त्यामुळे नव्याने जाणाऱ्यांना एक सांगेन. औषध लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, पण त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. समुपदेशक या शब्दाखाली मात्र पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यापासून चार दिवसांचा कोर्स केलेल्यापर्यंत सगळे बसतात. शिक्षण काय, कुठल्या पद्धतीने काम करता, हे पहिल्या फोनवरच विचारा. चांगला माणूस या प्रश्नाचा राग मानत नाही.

दुसऱ्या मॅडमनी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड वगैरे तपासण्या झाल्या, काही महिने एक साधी गोळी चालली. मग त्यांचं काम सुरू झालं. त्यांची पद्धत विवेकनिष्ठ, म्हणजे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली, ज्याला आरईबीटी म्हणतात. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. एलिस यांच्याशी त्यांचा कित्येक वर्षं पत्रव्यवहार होता. त्यामुळे या विषयावर मराठीत वाचायलाही बऱ्यापैकी मिळतं. हा मोठा फायदा, कारण इंग्रजीत मन मोकळं करणं आपल्याला काय जमणार!

आत काय चालतं ते एका उदाहरणाने सांगतो. कागदवाल्याची थोडी उधारी राहिली होती आणि त्याचा फोन आला की दिवस वाया जायचा. मॅडमनी वहीत तीन रकाने पाडायला लावले. पहिल्यात घडलं काय: फोन आला. तिसऱ्यात झालं काय: हाताला घाम, जेवण नाही, पोरावर ओरडणं. माझा हिशोब असा, की पहिल्यामुळे तिसरं झालं. त्या म्हणाल्या, मधला रकाना भरा. तो भरायला मला बराच वेळ लागला. शेवटी लिहिलं, ‘हा मला बुडवा समजतोय आणि हे मला सहन होणार नाही.’

मग प्रश्न सुरू.

“तो असं समजतो, कशावरून?”

“आवाजावरून कळतं की.”

“बरं, समजा समजला. मग नक्की काय होईल?”

“इज्जत जाईल.”

“गेली. पुढे?”

पुढे काय, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गप्प बसलो आणि त्याही बसल्या. शेवटचा प्रश्न व्यवहाराचा होता: हा विचार धरून ठेवल्याने उधारी फिटते का? याचं उत्तर कुठल्याही धंदेवाल्याला देता येतं. त्याच आठवड्यात मी स्वतः फोन करून हप्ता ठरवून घेतला. तो म्हणाला, “एवढंच ना, मग आधी बोलायचं की.”

पण मजा सेशनमध्ये नाही, मधल्या दिवसांत आहे. रोज काहीतरी लिहून आणायचं असतं. माझ्याकडे उरलेली पावतीपुस्तकं पडली होती, त्यांच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायला लागलो. ज्या आठवड्यात लिहिलं नाही, त्या आठवड्याचं सेशन म्हणजे नुसत्या गप्पा, पैसे पाण्यात. ज्यांना कुणीतरी पाठीवर हात फिरवून ऐकावं असं वाटतं, त्यांना ही पद्धत कोरडी वाटेल. मलाही पहिला महिनाभर वाटत होती. समोर माणूस रडवेला झालाय आणि या विचारतात, “कशावरून?”

एका गोष्टीवर आमचं चांगलंच वाजलं. वडिलांनी छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवण्यापासून उभी केलेली प्रेस गेली, याचं दुःखही वाद घालून घालवायचं का? मला वाटलं होतं, त्या हो म्हणतील. त्यांनी उलट सांगितलं, की दुःख होणं ठीक आहे, ते घालवायचंच नाही. ‘माझ्या हातून प्रेस गेली म्हणजे मी कुचकामी’ इथून जे नैराश्य येतं, काम तेवढ्यावरच करायचं. हा फरक पटायला मला वेळ लागला, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. मशीन असलेली जागा आजही रिकामी दिसली की गलबलतं. आता त्याची भीती वाटत नाही.

सगळ्यात अवघड गृहपाठ लग्नाचा. मेहुण्यांच्या घरचं कार्य होतं आणि मला जायचं नव्हतं. मॅडमनी एलिस यांचाच किस्सा सांगितला. एकोणिसाव्या वर्षी ते बायकांशी बोलायला घाबरायचे, म्हणून न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी बोलायचं त्यांनी ठरवलं. शंभरेक जणींशी बोलले. एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली. आपल्याकडे असं बागेत केलं तर पहिल्याच दिवशी मार बसेल, हे मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या, पण गृहपाठ सुटला नाही: लग्नाला जायचं आणि कुणी विचारलं की एका वाक्यात खरं सांगायचं, वर खुलासा जोडायचा नाही.

पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी मसालेभातावर तूप पडायच्या आत विचारलं, “काय मग, प्रेस काय म्हणते?”

“बंद केली की.”

जीभ पुढचं बोलायला वळवळत होती: जीएसटी, कोरोना, सगळं. आवरली. पाहुणे म्हणाले, “आमच्या भाच्याचीबी गेली.” आणि वाढप्याकडे वळून जिलेबी मागितली. एवढ्यासाठी मी दोन वर्षं कार्यं चुकवली होती!

जे बदललं नाही तेही लिहितो. पैशाची ओढाताण तशीच आहे. आता डीटीपी आणि फ्लेक्सची डिझाइनं करून देतो, त्यात पूर्वीचं उत्पन्न नाही. झोप अजून अधूनमधून मोडते, फक्त पूर्वी पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचो, आता तासाभरात डोळा लागतो. लोक याला खंबीर होणं वगैरे म्हणतात. मला तो एक तास पुरेसा आहे.

तक्रारी दोन. लहान शहरात वेटिंगमध्ये ओळखीचं कुणीतरी भेटतंच आणि दोघंही मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. त्यावर उपाय म्हणून व्हिडिओ सेशन करून पाहिलं, पण दोन खोल्यांच्या घरात बायको स्वयंपाकघरात असताना बायकोबद्दल काय बोलणार? शेवटी स्कूटर कृष्णेच्या घाटावर लावून कानात इअरफोन घालून बोललो, पण डासांनी बोलू दिलं नाही. समोरासमोर बसणंच बरं.

जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असं ज्यांच्या मनात येतंय, त्यांनी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नये. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे, २०२२ पासून. मी सुरुवातीच्या काळात एका रात्री लावला होता. पलीकडची मुलगी मराठीत बोलली, घाई केली नाही. तेवढ्याने ती रात्र गेली.

मी अजून चालू ठेवलंय. पुढच्या वेळी प्रेसच्या जागेतल्या धाकट्या भावाच्या वाट्याचा विषय काढायचा आहे. मधला रकाना भरून तयार आहे, पान अर्धं भरलंय. तो मजकूर मात्र मला अजून शंभर टक्के खरा वाटतो, आणि मॅडम पुन्हा ‘कशावरून’ विचारणार.