इन्सुलिन : सुईतून की नॅनोकणांतून?

मधुमेहात रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी इन्सुलिन टोचून घेण्याची पद्धत १९२२ सालापासून वापरात असून तिची मात्रा, परिणाम आणि धोके डॉक्टरांना नेमके ठाऊक आहेत. तिची अडचण खानदेशात उन्हाळ्यात अधिक जाणवते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला असताना वीज गेली, किंवा सातपुड्यातील पाड्यावर फ्रीजच नसला, तर ओल्या मडक्यावर भिस्त ठेवावी लागते.

दुसरा पर्याय तोंडावाटे घ्यायच्या नॅनोकणांचा. साधे इन्सुलिन गिळल्यास, ते प्रथिन असल्यामुळे, जठरातील आम्ल आणि पाचकरस त्याचे तुकडे करतात. म्हणून ते मीटरच्या अब्जांशांत मोजल्या जाणाऱ्या कणांत, उदाहरणार्थ कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानच्या कणांत, बंदिस्त केले जाते. आतड्यातून शोषले गेलेले इन्सुलिन स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या नैसर्गिक इन्सुलिनप्रमाणेच प्रथम यकृताकडे जाते, तर त्वचेखाली टोचलेले आधी शरीरभर पसरते. सुई टळण्यापेक्षा हा फायदा मला मोठा वाटतो. तथापि रक्तात पोहोचणारा वाटा अल्प असतो आणि तो जेवणानुसार बदलतो. मात्रेतील अशी अनिश्चितता इन्सुलिनच्या बाबतीत परवडत नाही, कारण ते जास्त झाल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. हे औषध अद्याप नेहमीच्या उपचारांत आलेले नाही. त्यामुळे आठवडे बाजारात कोणी ‘नॅनो’ नावाची भुकटी विकत असल्यास ती घेऊ नये, आणि ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही त्या टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाने तर सुई एक दिवसही बंद करू नये.